असईचं रान, सहा बाय चार फुटांत

मिनिएचर वॉरगेमिंग करणारे, म्हणजे टेबलावर छोटे शिपाई मांडून लढाया खेळणारे आपण लोक सैनिकांवर जेवढा जीव लावतो तेवढा जमिनीवर लावत नाही, ही माझी जुनी तक्रार आहे. एकेका शिपायाच्या कोटाची बटणं रंगवण्यात रात्री जातात आणि मग ती पलटण हिरव्या चादरीवर उभी राहते. चादरीखाली दोन पुस्तकं सारली की टेकडी, वर निळी पट्टी टाकली की नदी. असाही खेळ होतो आणि त्यात मजाही येते. पण ज्या लढाईचा निकाल जमिनीनं लावला, ती लढाई असल्या टेबलावर खेळता येत नाही. मला खेळायची होती ती लढाई नेमकी तशी होती आणि ती आमच्याच मराठवाड्यात झाली होती. म्हणून खास तिच्यासाठी टेबल बनवून घेतलं. आपल्याकडे असं काम कुणाला सांगायचं झालं तर काय काय ठरवावं लागतं, ते इथे लिहितो.

लढाई असईची, २३ सप्टेंबर १८०३. जालना जिल्ह्यात भोकरदनच्या बाजूला केळणा आणि जुई या दोन नद्या काही अंतर शेजारी शेजारी वाहतात आणि पुढे एकमेकींना मिळतात. त्यांच्या मधल्या पट्ट्यात दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांची फौज होती. पोलमन या जर्मन सरदाराच्या हाताखालच्या शिंद्यांच्या कवायती पलटणी, सरधन्याची जहागीरदार बेगम समरू हिच्या पलटणी, शंभराच्या आसपास तोफा आणि भलंमोठं घोडदळ. समोर केळणेच्या दक्षिणेला इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली, फौज कितीतरी कमी. वाटाड्यांनी त्याला सांगितलं की इथे नदीला उतार, म्हणजे पायी ओलांडता येईल अशी उथळ जागा, नाही. त्याला मात्र दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली. इंग्रजी कागदांत त्यांची नावं पीपलगाव आणि वारूर अशी येतात. समोरासमोर गावं आहेत म्हणजे लोकांची ये-जा असणार आणि ये-जा आहे म्हणजे उतार असणार, असं त्यानं ताडलं आणि फौज तिथून पलीकडे नेली.

इथपर्यंतची गोष्ट बहुतेकांना माहीत असते. मला त्याहून मोठी वाटते ती पुढची. वेलस्ली बगलेवर येतोय हे दिसताच पोलमनच्या पलटणी तोफांसकट नव्वद अंशांत वळल्या आणि केळणेपासून जुईकाठच्या असई गावापर्यंत सुमारे मैलभराची नवी फळी उभी राहिली. लढाईच्या तोंडावर एवढ्या तोफा घेऊन असं वळणं किती अवघड असतं, हे टेबलावर बैलजोड्या सरकवून पाहिल्याशिवाय कळत नाही. इंग्रज फौजेची मेलेली, जखमी आणि बेपत्ता मिळून १,५८४ माणसं गेली. शिंद्यांचे गोलंदाज तोफांपाशीच कापले गेले. काही जण मेल्याचं सोंग घेऊन पडून राहिले आणि शत्रू पुढे सरकल्यावर उठून त्याच्या पाठीवर गोळे टाकू लागले. त्या माणसांना मान मिळेल असं टेबल मला हवं होतं.

कारागीर शोधताना आधी छत्रपती संभाजीनगरात बिल्डर लोकांची मॉडेल करणाऱ्यांकडे गेलो. त्यांचं काम देखणं असतं, पण त्यांची जमीन सपाट असते. इमारत उभी, खाली कापलेलं लॉन. उतार म्हटलं की ते पायऱ्या दाखवत. मग जालन्यात एक काका भेटले. गणपती आणि महालक्ष्म्यांची आरास हा त्यांचा मूळ धंदा. २०१८ मध्ये राज्यात प्लास्टिक आणि थर्माकोलवर बंदी आली, तेव्हा मखरांचं काम बसलं आणि ते कागदाचा लगदा, पुठ्ठा, लाकूड यांकडे वळले. जालना हे बियाण्यांच्या कंपन्यांचं गाव. त्या कंपन्यांच्या प्रदर्शनांसाठी काका शेतांची मॉडेल करून देत. बांध, पाट, सरी-वरंबा, ठिबकच्या नळ्या, सगळं. त्यांच्या दुकानात कपाशीच्या शेताचं एक मॉडेल होतं आणि त्यात पाणी कुठून कुठे जाईल हे बघताक्षणी कळत होतं. मी तिथेच ठरवलं की काम यांनाच द्यायचं. जमिनीवरून पाणी कसं उतरतं हे ज्याला करता येतं, त्याला रणभूमी करता येते.

त्यांचा पहिला प्रश्न असा : “सर, ह्याच्यावर तुम्ही हात कुठून घालणार?”

टेबल किती रुंद, हे ठरतं माणसाचा हात किती पोचतो यावरून. कडेला उभं राहून वाकलं तर अडीच फुटांपलीकडे नीट पोचता येत नाही आणि वाकताना बाहीनं झाडं पडतात. म्हणून चार फूट रुंदी, दोन्ही बाजूंनी माणसं उभी. लांबी सहा फूट. हे टेबल एकसंध केलं तर ते दारातून जात नाही, म्हणून दोन फूट बाय दोन फुटांचे सहा तुकडे. तुकड्यांची ही युक्ती आपल्या छंदाइतकीच जुनी आहे. १८१२ मध्ये प्रशियात राइसवित्स यांनी राजा तिसरा फ्रीडरिक विल्यम याच्यासाठी युद्धखेळाचं टेबल केलं, त्यात उठावाच्या जमिनीचे चिनीमातीचे चौकोन होते आणि ते हवे तसे मांडता येत. मीही आधी तसंच मागणार होतो, म्हणजे एकाच संचात दहा रणभूमी. काकांशी बोलताना तो विचार सोडला. तुकडे अदलाबदल करायचे तर प्रत्येक नदी प्रत्येक कडेच्या मधोमधच बाहेर पडली पाहिजे, आणि केळणा तशी वाहत नाही. असई करायची तर असईच करायची.

मग आला मापाचा प्रश्न. यावर आम्ही सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि तो वेळ सत्कारणी लागला. वॉरगेमच्या टेबलावर तीन वेगवेगळी मापं असतात. शिपायाचं माप, जमिनीचं आडवं माप आणि उंचीचं माप. माझे शिपाई ६ मिलिमीटरचे, म्हणजे साधारण एकास तीनशे. आडवी जमीन याच मापानं केली तर मैलभराच्या फळीला साडेसतरा फुटांचं टेबल लागेल. म्हणून एक फूट म्हणजे ५०० मीटर धरलं, सहा फुटांत तीन किलोमीटर. मैलभराची फळी सव्वातीन फुटांत बसते आणि दोन्ही नद्यांपलीकडे थोडी जागा उरते. पण हेच माप उंचीला लावलं तर पाच मीटरची दरड तीन मिलिमीटर होते, शिपायाच्या कमरेएवढी. म्हणून उंचीला शिपायाचंच माप ठेवलं. तीन मीटरचा चढ म्हणजे एक सेंटिमीटर. काकांनी हे एका पुठ्ठ्यावर लिहून भिंतीला लावलं आणि शेवटपर्यंत त्या पुठ्ठ्याबाहेर काही केलं नाही.

पण असईच्या रानात चढ किती आणि कुठे? सर्व्हे ऑफ इंडियाच्या एकास ५० हजारांच्या नकाशावर समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, २० मीटर उंचीच्या अंतरानं असतात. एवढ्या सपाट मुलखात दोन रेषांच्या मध्ये सगळी लढाई मावते. आणि लढाईत तीन मीटरचा उंचवटा आख्खी पलटण लपवतो. म्हणून पायी फिरलो. पद्धत साधी होती. मित्राच्या हातात सहा फुटी काठी, मी एका जागी उभा. तो चालत जाई आणि काठीचं टोक कुठे दिसेनासं होतं, पुन्हा कुठे दिसू लागतं, हे मी नोंदवत जाई. रानात कुणी भेटलं की पाऊस पडल्यावर पाणी कुठं साचतं, हे विचारायचं. शेतकऱ्याइतका उतार कुणालाच कळत नाही. एकानं बांधावरून हात करून दाखवलं, “तो तुकडा चिबड हाय, त्याच्या वरलं रान उंच.” नकाशावर तिथे काहीच नव्हतं. दोनशे वर्षांत विहिरी, शेततळी, रस्ते आले, बांध बदलले, ते मनातून वजा करावे लागतात. नद्यांमधला पट्टा आणि त्याचा पोत मात्र अजून तसाच जाणवतो.

हे सगळं घेऊन मी काकांना कागद लिहून दिला. त्यात चित्रं कमी होती, प्रश्न जास्त होते. या काठावरून त्या काठावरची तोफ दिसली पाहिजे का? या उतारावरून बैलजोडी चढेल का? गावाच्या भिंतीमागे किती शिपाई मावतील? बनवून घेणाऱ्यानं टेबल कसं दिसावं एवढंच सांगितलं तर कारागीर छान देखावा करून देतो. तिथे काय घडणार आहे हे सांगितलं तर तो जमीन करून देतो. असईचं उदाहरण घ्या. इंग्रजांच्या उजव्या बाजूची तुकडी आणि ७४ वी हायलँडर पलटण असई गावाकडे जास्त सरकली, तिथल्या तोफांच्या माऱ्यात सापडली आणि निवडुंगाच्या कुंपणाशी अंग चोरून उभी राहिली. टेबलावर असई नुसती चार घरं म्हणून ठेवली तर खेळणाऱ्याला तिकडे न जाण्याचं कारणच कळत नाही. मातीच्या भिंती, त्यांच्याबाहेर तोफांना पुरेशी सपाट जागा आणि समोर मोकळं रान, एवढं हवंच. काकांनी हे ऐकून घेतलं आणि घरांची संख्या कमी करून भिंत लांबवली. आमच्या मापात एक घर तीन सेंटिमीटरचं, म्हणजे जमिनीवर पन्नास मीटर. थोड्या घरांत गाव दाखवायचं तर भिंतच बोलली पाहिजे.

साहित्याबद्दल थोडं. खाली ६ मिलिमीटरचा एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी), वर ५० मिलिमीटरचा एक्सपीएस फोम, गच्चीवर ऊन अडवायला घालतात तो. पन्नासच का, तर नदी वर चिकटवायची नसते, खाली कोरायची असते. पंधरा-वीस मिलिमीटर खोल पात्र कोरूनही खाली भक्कम थर उरला पाहिजे. फोम तापलेल्या तारेनं लोण्यासारखा कापला जातो, पण त्याचा धूर वाईट, म्हणून काका ते काम अंगणात करत. फेव्हिबाँडसारखा रबरी डिंक आणि साधा स्प्रेचा रंग फोमला खाऊन टाकतात, तिथे पाण्यातला डिंक आणि पाण्यातलाच रंग लागतो. फोमवर फोम चिकटवला तर मधला डिंक आठवडाभर ओला राहतो, कारण हवा जायला वाटच नसते. आमच्याकडच्या पावसाळ्यात एमडीएफच्या कडा फुगतात, म्हणून आधी कडांना वॉर्निश. आणि रंग एकाच बाजूला दिला की फळी बाकदार होते. काकांनी तळालाही तितकेच हात दिले. सगळं मिळून एका तुकड्याचं वजन तीन किलोच्या आत राहिलं, एका माणसाला सहज उचलता येईल असं.

मी आग्रह धरला तो नमुन्याच्या तुकड्याचा. केळणेचा उतार असलेला भाग आधी करा, तो पटला की बाकीचे. त्यावर काळ्या मातीचा प्रयोग केला. रान असईचं तर माती असईची, अशी दोघांचीही इच्छा होती. माती चाळली, तव्यावर भाजून कोरडी केली, पातळ फेव्हिकॉलवर पेरली. वाळल्यावर तुकडाभर भेगा पडल्या. काळी माती ओली झाली की फुगते आणि सुकली की आक्रसते, शेतात जे होतं तेच फळीवर झालं. शेतात ते शोभतं, पण आमच्या मापात दोन मिलिमीटरची भेग म्हणजे उंचीच्या हिशेबानं साठ सेंटिमीटर. घोडा अडकेल. काकांनी मग बारीक वाळू आणि लाकडाचा भुसा मिसळून पाया धरला, त्यावर काळपट तपकिरी रंग दिला आणि खरी माती फक्त वरून चिमटीनं, कोरडीच, ओल्या रंगावर भुरभुरली. असईची माती टेबलावर आहे, आणि भेग एकही नाही.

रंगावरून आमचा वाद झाला, चांगला वाद. मला सगळं हिरवं हवं होतं, पावसाळा सरत आलेला म्हणून. काका म्हणाले, “कामून? सप्टेंबर सरता सरता बाजरी कापणीला येती. आन् ज्वारीचं रान तर काळंच पाहिजे, पेरणी व्हायचीय त्याची.” हस्ताच्या आसपास रब्बी ज्वारी पेरतात हे मलाही ठाऊक होतं, पण टेबलाच्या संदर्भात ते मनात आलं नव्हतं. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे काही पट्टे पिवळसर उभ्या बाजरीचे, काही नांगरून पडलेले काळे, नद्यांच्या काठानं बाभळी आणि हिरवळ असं झालं. बाजरीसाठी काथ्याच्या पायपुसण्याचे चौकोन कापले. ते सुटे आहेत, पलटण आत शिरली की उचलून बाजूला ठेवता येतात. रानाला त्यामुळे खेळात अर्थ आला. उभ्या पिकाआड पायदळ दिसत नाही, नांगरटीत तोफ हळू सरकते.

सगळ्यात महत्त्वाचं काम रंगाच्याही आधीचं. सहाही तुकडे कोरून झाले, अजून फोम उघडाच होता, तेव्हा ते काकांच्या दुकानातच जोडून आम्ही त्यावर खेळलो. असं टेबल करून घेणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगेन की रंगाआधी एकदा त्यावर लढाई करा. कारागिरालाही शेजारी उभं करा. काका खेळ बघत होते. नियम त्यांना कळत नव्हते, पण कुठे आमचे हात अडखळतात ते दिसत होतं. केळणेच्या उताराची वाट खरी वाटावी म्हणून अरुंद ठेवली होती. शिपाई चिकटवलेल्या चार सेंटिमीटरच्या पट्ट्या तिच्यावर आडव्या बसत नव्हत्या, घसरून पात्रात जात होत्या. धातूचे शिपाई आणि तिरपी जमीन यांचं जमत नाही. काकांनी खेळ चालू असतानाच चाकू घेतला, वाट दोन पट्ट्या शेजारी उभ्या राहतील एवढी रुंद केली आणि मधे विसाव्याला एक सपाट टप्पा काढला. दुसरीकडे शिंद्यांच्या तोफांची फळी जिथे वळून उभी राहते तिथला उंचवटा त्यांनी अंगठ्यानं दाबून पाहिला आणि किंचित घासला. “इथं तोफा डुगडुगायलेत,” म्हणाले. रंग झाल्यावर यातलं काहीच करता आलं नसतं.

पाण्यासाठी रेझिन वापरलं, ओतल्यावर काचेसारखं कडक होतं ते. एकदम जाड थर ओतला तर ते तापतं आणि फोमला धोका, म्हणून पातळ पातळ थर, प्रत्येक थर नीट धरल्यावर पुढचा. रंग निळा अजिबात नाही. पावसाळी नदीचा गढूळ तपकिरी, काठाला पातळ, मध्ये गडद. उताराच्या जागी तळाची वाळू दिसते, त्यामुळे खेळणाऱ्याला पाणी कुठे उथळ आहे ते न सांगता कळतं. वेलस्लीला गावांवरून ताडावं लागलं होतं, म्हणून आम्ही एक नियम केला. इंग्रजांकडून खेळणारा टेबलापाशी येण्याआधी आम्ही ती जागा बाभळींच्या सुट्या ओळीनं झाकून ठेवतो.

पैशांचं असं. तीन हप्ते ठरवले, साहित्याला पहिला, नमुना पटल्यावर दुसरा, टेबल हातात आल्यावर तिसरा. साहित्याचा खर्च एकूण रकमेत लहानच होता, बाकी सगळी मजुरी. घासाघीस मी केली नाही आणि करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. जो माणूस तुमच्यासाठी बाजरी कापणीला कधी येते याचा विचार करतो, त्याचा दर त्यानंच ठरवावा. वेळेचं मात्र पंचांग बघून ठरवा. गणपतीच्या आधीचे दोन महिने ते महालक्ष्म्या आणि पुढे नवरात्र होईपर्यंत आरास करणाऱ्या कुणाकडेही दुसरं काम देऊ नका. आमचं काम दिवाळीनंतर सुरू झालं ते याच कारणानं. उन्हाळ्याच्या आत संपवणंही बरं. एप्रिल-मेच्या उन्हात बंद गाडीत टेबल ठेवलं तर कडा भाकरीच्या पापुद्र्यासारख्या वर येतात.

जालन्याहून संभाजीनगरपर्यंत साठेक किलोमीटर. सहा तुकडे उभे राहतील अशी फळ्यांची पेटी सुतारमामांकडून करून घेतली, प्रत्येक तुकड्याला खाचा आणि मध्ये गोधडीचे तुकडे. छोटा हत्ती सांगितला आणि पेटी मागे बांधून सावकाश आणली. तुकडे एकमेकांना लाकडी खुंट्यांनी बसतात, तळाला क्रमांक आणि उत्तरेचा बाण आहे. सांध्यांची रेघ जवळून दिसते. ती लपवायचा प्रयत्न काकांनी जिथे बांध घालता आला तिथे केला, बाकीची तशीच राहू दिली.

आता त्याच काकांशी राक्षसभुवनबद्दल बोलणं चाललंय. बीड जिल्ह्यात, गोदावरीच्या काठी, १० ऑगस्ट १७६३. निजामाची निम्मी फौज नदीपलीकडे गेलेली, दिवाण विठ्ठल सुंदर मागे अलीकडच्या काठावर राहिलेला आणि पेशव्यांनी त्याला तिथेच गाठलं. पुन्हा नदीच, पण ही केळणेसारखी नाही. आमच्या मापात चारशे मीटरचं पात्र म्हणजे टेबलाची चोवीस सेंटिमीटर रुंदी जाते. काकांचं म्हणणं, पलीकडचा काठ दाखवायचाच नाही, टेबल पाण्यातच संपवायचं. मला पलीकडे गेलेली फौज हतबल उभी दिसायला हवी आहे, त्यामुळे तो काठ हवा. पाणी ऑगस्टमध्ये कुठवर चढत असे, हे तर आज तिथे उभं राहून कळणार नाही, कारण १९७६ मध्ये जायकवाडी धरण झाल्यापासून नदी धरणाच्या दारांवर चालते. धरणाआधीचा पूर पाहिलेली वयस्कर माणसं गावात असतील. पुढच्या सुट्टीत शनीच्या देवळाच्या बाजूनं काठावर उतरून त्यांना विचारायचं आहे, त्यानंतर टेबलाची रुंदी ठरेल.